वायद्यांची वही

भूकंप झाला तेव्हा सर मुदखेडला होते, एका पुलाच्या कामावर ओव्हरसिअर म्हणून. त्यांचं गाव औशाच्या पलीकडे. घरात आई होती. सर गावी पोचले तेव्हा दुपार झाली होती. घर पडलं होतं. आई घरातच होती. पुढच्या महिन्यात सरांनी नोकरी सोडली.

हे मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायला मिळालं, तेही नऊ-दहा वर्षांनी, लातूरच्या एका क्लासमधल्या संगणकाच्या खोलीत. त्याआधी किंवा त्यानंतर ते भूकंपाबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही. आता सरांना जाऊन चार महिने झाले. लिहायला बसले की मला आधी त्यांचा खांदा आठवतो.

खांदा अशासाठी, की कुठल्याही खोलीला कुलूप लावलं की सर आधी कुलपाला हिसडा देत, मग कडी हलवून बघत आणि शेवटी दाराला खांदा लावून एकदा ढकलत. दार हललं नाही की मान डोलावत आणि चालू लागत. क्लासमधली मुलं त्यांना कडीसर म्हणायची. सरांना ते माहीत होतं. एकदा कोणीतरी फळ्यावर मोठी कडी काढून ठेवली होती. सर आत आले, चित्राकडे बघत उभे राहिले. सरांनी खडू उचलला आणि कडीच्या शेजारी कोयंडा काढला. "कोयंड्याबिगर कडी कशात आडकवतो रे बाबा?" एवढं म्हणून शिकवायला लागले.

मी चाकूरची. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि टायपिंगच्या दोन परीक्षांच्या जोरावर त्या क्लासच्या ऑफिसात लागले. ते क्लासचेच दिवस होते. गल्लीगल्लीत बोर्ड, बोर्डावर मुलांचे फोटो, फोटोखाली टक्के. नांदेड, परभणी, उस्मानाबाद, पार कर्नाटकाच्या कडेवरूनसुद्धा मुलं येत, एका खोलीत चौघं-पाचजण राहत, डबा लावत. आमच्याकडे दर गुरुवारी चाचणी असे. शुक्रवारी मी गुण संगणकात भरत असे. त्या गुणांच्या बेरजेवर दिवाळीनंतर पहिली चाळीस मुलं निवडक बॅचमध्ये जात. त्या चाळिसांत यायचं म्हणून मुलं कुणाच्या लग्नाला जात नसत, काहींनी तर सणाला घरी जाणंही सोडलं होतं. ते गुण माझ्या हातात होते. तेव्हा मला त्याचं ओझं वाटत नसे. आकडे भरायचे आणि घरी जायचं.

सर संगणकाची लॅब सांभाळत. नोकरी सोडल्यावर नांदेडला एका नातेवाइकाकडे राहून ते संगणक शिकले होते, चाळिशी उलटल्यावर, विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून. लातुरात त्यांनी खोली घेतली ती पत्र्याची. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेले लोक केव्हाच स्लॅबच्या घरांत गेले होते. सर मात्र शोधून शोधून पत्रा निवडत. उन्हाळ्यात त्या खोलीत ठेवलेली भाकरी दुपारपर्यंत कडक होई. मी एकदा म्हटलं, "सर, स्लॅबची बघा की एखादी."

"डोक्यावर वजन कशाला पायजे, माय?"

मला वाटलं, भाड्याचं काही असेल.

शहरात नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीवर 'भूकंपरोधक बांधकाम' असा बोर्ड असे. सर अशा बोर्डापाशी हटकून थांबत. आत जाऊन तिथल्या माणसाला विचारत, "खांबातल्या सळयांना रिंगा किती अंतरावर घातल्या?" त्या माणसाला त्याचा पत्ता नसे. तो म्हणे, "काका, बाहेर बोर्ड हाय की." सर म्हणत, "हाव, बोर्ड लई पुख्ता बांधलाय." आणि शांतपणे बाहेर येत. त्यांना मी कधी चिडलेलं पाहिलं नाही. चिडण्यापेक्षा ते लिहून ठेवत.

त्यांच्याकडे एक लांबट, कापडी बांधणीची वही होती. तिला ते वायद्यांची वही म्हणत. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले: कोणी सांगितलं, काय सांगितलं, काय केलं, मी कसं तपासलं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं पान मला पाठ आहे. काय सांगितलं: पाणी गाळून घेतो. काय केलं: फडकं आणलं. कसं तपासलं: फडकं कोरडं होतं. आमच्या संचालकांचं पान होतं. लॅबला दोन पंखे देतो. एक दिला. कसं तपासलं: शेवटच्या बाकावर बसून बघितलं, वारा येत नाही. माझंही नाव होतं. पुस्तक सोमवारी परत करते, असं मी म्हटलं होतं. बुधवारी केलं.

चहावाल्याला कुणीतरी ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सर, हे काय पोलिसावानी डायरी करून राहिलात? आमीच घावलो काय?"

"आरं बाबा, ज्याच्याकडनं आशा हाय त्याचंच लिहितो. बाकीच्यावर शाई कशाला घालू?"

चहावाल्याला हे पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून फडकं ओलं दिसायला लागलं. सरांनी तेही लिहिलं.

शनिवार हा सरांच्या कामाचा खरा दिवस. आठवडाभरात जे काही संगणकात गेलं असेल त्याची प्रत एका सीडीवर घ्यायची. मग इंटरनेटसाठी मशीनला जोडलेली फोनची तार काढायची. मग ती सीडी घेऊन लॅबमधल्या सगळ्यात जुन्या मशीनपाशी जायचं आणि तिथं उघडायची. कुठलीही तीन नावं काढायची, त्यांचे गुण उत्तरपत्रिकांशी ताडून बघायचे. तीनही जुळले तरच भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या शनिवारच्या चौकटीत लाल बरोबरची खूण करायची. हे सगळं करायला दीड तास लागे. "घेतली म्हंजे प्रत न्हाई," ते म्हणत, "उघडली तर प्रत."

मला हे सारं विक्षिप्तपणाचं वाटे. ऑफिसात सगळ्यांनाच वाटे.

मग एक दिवस नांदेडच्या एका एजन्सीचा माणूस आला. टाय लावलेला, बोलायला गोड. त्याच्याकडे एक प्लॅस्टिकचं आवरण घातलेला कागद होता. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर आमच्या प्रत्येक मशीनमध्ये होतं, लातुरातल्याच काय, बहुतेक साऱ्या जगातल्या मशीनमध्ये होतं, त्या कंपनीच्या प्रमुखानं आपल्या लोकांना पत्र लिहिलं होतं. यापुढे नव्या सोयी नंतर, सुरक्षा आधी, अशा अर्थाचं. एजन्सीचा माणूस म्हणत होता, आता निर्धास्त व्हा, एक नवं मोठं मशीन घ्या, सगळे गुण, सगळे प्रश्नसंच त्यात ठेवा आणि ते कायमचं इंटरनेटला जोडून टाका. संचालकांनी सरांना बोलावून घेतलं. मी शेजारी टाईप करत होते.

सरांनी कागद दोनदा वाचला. एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून.

"हे पत्र लिहिलंय कोणाला?"

"त्यांच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना, सर. खुद्द प्रमुखांनी."

"मंग आपल्याकडं कशाला आणलं? माझ्या घरातलं भांडण मिटलं तर मी गावभर कागद वाटत न्हाई."

संचालक हसले. "अहो सर, जगातली एवढी मोठी कंपनी! सुरक्षा पहिली, असं लिहून देतेय."

"हाव, वाचलं. आत्तापरेंत कितवी होती?"

त्या माणसानं टाय सारखा केला. "सर, एवढ्या मोठ्या कंपनीनं चूक कबूल केली, हाच केवढा मोठेपणा आहे."

"कुठं केली?" सरांनी कागद त्याच्यासमोर धरला. "पुढं काय करणार ते सांगितलं. कबूल करणारा मागचं सांगतो. कोणतं दार उघडं होतं, किती वर्षं होतं, कोणाला ठाव होतं, कोणी सांगितलं तरी ऐकलं न्हाई. हाय का यात?"

"तसं या पत्रात नसतं सर ते."

"हाव. गिलाव्यात बी नसतंय."

"आता गिलाव्याचा इथं काय संबंध?" संचालकांनी विचारलं.

"काई न्हाई साहेब. जुन्या धंद्यातलं बोलणं."

"तुमचा कशावर भरवसाच नाही, सर."

"हाय की. पर आदुगर तपास, मंग भरवसा. तुम्ही उलटं करून राहिलात."

मशीन आलं. ऑफिसात, माझ्या टेबलावर. त्याची देखभाल एजन्सीनं करायची, सरांनी लॅब सांभाळायची, असं ठरलं. सरांनी वाद घातला नाही. त्यावरचं शनिवारचं काम ऑफिस सुटताना मी करायचं असं ठरवून मला एवढंच म्हणाले, "शनिवार तेवढा सोडू नको," आणि वहीत त्या कंपनीसाठी एक अख्खं पान काढलं. कोणी सांगितलं, ते लिहिलं. काय सांगितलं, तेही लिहिलं. पुढचे दोन रकाने कोरे ठेवले.

काही दिवसांनी वर्तमानपत्रात आलं की त्या कंपनीनं आपल्या हजारो माणसांना नवीन काही लिहायचं थांबवून जुनंच पुन्हा वाचायला, त्यातल्या चुका शोधायला बसवलंय. मला वाटलं, सर हसतील. त्यांनी ती बातमी दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. "बरंय. जुनी भिंत उकलून राहिले म्हणायचे." मी विचारलं, "म्हणजे आता मानायचं?" तर म्हणाले, "उकलली एवढंच कळलं. बांधतात का ते बघू."

सरांची गंमत अशी होती की त्या कंपनीवर लातुरात सगळ्यात जास्त शंका घेणारा माणूस तोच, आणि कंपनीनं काढलेली प्रत्येक दुरुस्ती वेळच्या वेळी मशीनमध्ये घालणाराही तोच. आमच्या फोनच्या लाईनवरून ती उतरवायला अख्खा दिवस लागे आणि मधेच लाईन तुटे. म्हणून सर महिन्यातून एका रविवारी एस.टी.नं नांदेडला जात, तिथल्या एका मित्राकडून सगळ्या दुरुस्त्या सीडीवर घेत आणि ती सीडी रुमालात गुंडाळून जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून आणत. सोमवारी लॅबची अकरा मशीनं एकामागून एक. "शिव्या बी देता आणि दुरुस्ती बी घालता," असं मी म्हटलं की ते म्हणत, "वैद्यावर शंका हाय म्हणून औषध टाकून देतीस का?" माझ्या टेबलावरच्या मशीनला मात्र त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. ते एजन्सीचं.

आता माझं सांगते.

त्या वर्षी वडिलांना पक्षाघात झाला. ते चाकूरला होते, आई एकटी. मी शनिवारी जायची आणि सोमवारी सकाळी परत यायची. शनिवारी ऑफिस दोनला सुटे. अडीचची गाडी मिळाली तर वडिलांना दुपारचं भरवायला मी पोचत असे. सरांचा दीड तास केला तर ती गाडी जाई. पहिल्या शनिवारी मी प्रत घेतली, पण उघडून पाहिली नाही. खूण केली. दुसऱ्या शनिवारी प्रतही घेतली नाही. मशीन नवं होतं, कंपनीनं लिहून दिलं होतं, संचालक म्हणाले होते की आता त्याची गरज नाही. खूण मात्र केली, कारण सर येताजाता कॅलेंडरकडे बघत. असे सात शनिवार गेले. कॅलेंडर कसं छान दिसत होतं. लाल खुणांची सरळ ओळ.

मंगळवारी सकाळी मशीन आपोआप बंद पडायला लागलं. पडद्यावर चौकट यायची, साठ सेकंदांत बंद होत आहे म्हणून, आणि आकडे उलटे पळायचे. चालू करावं तर पुन्हा तेच. नंतर कळलं, अशी एक कीड त्या आठवड्यात जगभर पसरली होती. तिच्यावरची दुरुस्ती कंपनीनं आधीच काढलेली होती आणि लॅबच्या अकराही मशीनमध्ये ती घातलेली होती. माझ्या मशीनमध्ये नव्हती.

एजन्सीचा माणूस अकरा वाजता आला. लातुरात तेव्हा संगणकाच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. फॉरमॅट मारायचा, सगळं पुसायचं आणि नव्यानं भरायचं. तो म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल मॅडम. बॅकअप आहे ना?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं. संचालक शेजारीच उभे होते.

"आहे," मी म्हणाले.

तो शीळ घालत कामाला लागला. जेवणाच्या सुट्टीच्या आत मशीन अगदी कोरं आणि निरोगी झालं.

सर दुपारी आले. माझ्याकडून सीडी घेतली आणि जुन्या मशीनमध्ये घातली. मी मागं उभी होते. शेवटची चाचणी सात आठवड्यांपूर्वीची होती. आणि तीसुद्धा अर्धीच उघडत होती. सरांनी मान वळवून दारातून दिसणाऱ्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"सर," मी म्हटलं, "यापुढं असं कधी होणार नाही. शपथ घेते."

"पुढचं नको माय. मागचं सांग."

मी सांगितलं. वडील, अडीचची गाडी, पहिला शनिवार, दुसरा शनिवार. सकाळी 'आहे' म्हणाले तेही सांगितलं. माझं संपल्यावर सरांनी दाराची कडी लावली. या वेळी खांदा लावला नाही. स्टुलावर बसले.

"आमच्याकडच्या भिंती तुला ठाव हायेत," ते म्हणाले. "दोन हात रुंद. लोकांना वाटतं लई मजबूत. पर ती एक भिंत नसती, दोन असत्यात. भाईरचा एक पदर, आतला एक, मधी माती आन् कपच्या. दोन्हींना धरून ठेवणारे लांब दगड आरपार घातले असले तर भिंत. न्हाईतर दोन अनोळखी माणसं पाठीला पाठ लावून उभी. आमच्या घरच्या भिंतीला पोट आलं होतं. चीर पडली होती, बोटं जायची. बारके धक्के वर्षभर बसतच होते. आईनं दाखवलं, म्हणली, बापू, हे बघ जरा. मी ओव्हरसिअर माणूस. एका नजरेत कळलं, उकलावी लागती. पर उकलायची म्हंजे घर रिकामं करा, वरल्या मातीच्या माळवदाला टेकू द्या, महिनाभर भाईर ऱ्हावा. आन् महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. आई म्हणली, सणाला घर उघडं कसं ठिवू? मला बी सुट्टी दोनच दिवस. सिमेंट कालवलं, चीर बुजवली, गिलावा केला, वरून चुना मारला. अशी भिंत झाली की शेजारचे बघायला आले. आईला म्हणलं, आता काई भेव न्हाई. सणानंतर उकलू, असं मनात होतं. तिला बोललो न्हाई."

पंखा फिरत होता. तो एकच पंखा.

"आदुगर आईची बाज दाराजवळ असायची. भेवानं. माझ्या सांगण्यावर तिनं ती भिंतीला लावली. पोरानं पुख्ता केलीय म्हणून."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"आता साहेबाला सांगावं लागंल," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा ना, सर."

"मी सांगितलं तर तो गिलावा होईल. तुझी भिंत हाय. तूच उकल. मी दारात उभा ऱ्हातो."

आणि खरंच दारात उभे राहिले. मी संचालकांना सगळं सांगितलं, सरांना सांगितलं होतं त्याच क्रमानं. ते वाईट माणूस नव्हते. एका कॉलेजातली कायमची नोकरी सोडून त्यांनी तो क्लास उभा केला होता. त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी टेबलावरच्या काचेकडे बघत ते म्हणाले, "साडेचारशे मुलांचे आईबाप मला विचारणार आहेत. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मी वळले. सर दारातून हलले नाहीत, त्यामुळे मला बाहेर जाता येईना.

"साहेब," सर म्हणाले, "एक बोलू का?"

"तुम्ही हिची बाजू घेऊ नका, सर. तुमच्यासारख्या माणसानं तर नाहीच."

"बाजू न्हाई घेत. चूक हिची हाय. थोडी माझी बी हाय, दोनला सुटणाऱ्या माणसाला दीड तासाचं काम दोन वाजता दिलं. पर तुमच्या ऑफिसात ज्यांच्या भिंती पांढऱ्याफेक दिसत्यात, त्यांच्या आत काय हाय ते मला ठाव न्हाई. हिची उकललेली मी आत्ताच बघितली. हिला काढून जो नवा माणूस आणाल त्याच्या भिंतीत काय हाय, तुम्हाला तरी म्हाईत हाय का? ह्या घडीला अख्ख्या लातुरात हिच्यासारखी भरवशाची बाई तुम्हाला घावायची न्हाई."

संचालकांनी मान वर करून मला विचारलं, "उत्तरपत्रिका ठेवल्यात का कुठं?"

ठेवल्या होत्या. जिन्याखाली पोत्यांत बांधून ठेवल्या होत्या, रद्दीवाल्याची वाट बघत. सर आणि मी त्या अकरा दिवस पुन्हा लावत बसलो. सर गुण वाचायचे, मी भरायची, मग मी वाचायची आणि ते पडद्यावर बोट फिरवत बघायचे. सातांपैकी सहा चाचण्या सापडल्या. एक पोतं रद्दीवाला आधीच घेऊन गेला होता. ती चाचणी पुन्हा घ्यावी लागली. मुलं वैतागली. एक मुलगी, शिरूर अनंतपाळची, मला गॅलरीत अडवून म्हणाली, "मॅडम, मी त्याच चाचणीत पहिली आले होते हो." मी तिला काय झालं होतं ते सांगितलं. ती रागानं निघून गेली. पुन्हा घेतलेल्या चाचणीत तिचा बारावा नंबर आला. निवडक बॅचमध्ये ती आली, पण माझ्याशी नंतर कधी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

शनिवारचं काम सरांनी त्या आठवड्यापासून सकाळी दहाला ठेवलं. संचालकांना त्यांनी ते विचारलंही नाही. मला अडीचची गाडी मिळायला लागली. वडील गेले त्या दुपारी मी त्यांच्याजवळ होते. हे मी सरांचं देणं मानते, जरी ते ऐकून त्यांनी हात झटकले असते.

त्या कंपनीच्या पानाचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर सरांवर अन्याय होईल. किडीनंतर वर्षभरात कंपनीनं एक मोठी दुरुस्ती काढली. बाहेरून येणाऱ्याला अडवणारी कडी आता मशीनमध्ये आपोआप लागलेली असणार होती, कुणी लावायची वाट न बघता. सरांनी ती एका मशीनवर घातली आणि आठवडाभर दुसऱ्या मशीनवरून तिला नाना तऱ्हांनी ढकलून पाहिलं. मग वही काढली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: कडी लावली. उशिरा लावली. पण लावली. चौथ्यात: खांदा लावून बघितली, हलली नाही. वैऱ्याचं असो की सोयऱ्याचं, केलेलं काम लिहिताना त्यांचा हात आखडत नसे.

"मग आता भरवसा?" मी चिडवलं.

"एका कडीपुरता हाय." हे म्हणताना ते खूश दिसले. त्या कंपनीनं वायदा पाळावा असं मनातून त्यांनाच सगळ्यांत जास्त वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढं मी ग्रंथालयशास्त्र केलं आणि नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. सरही काही वर्षांनी नांदेडला आले. तिथंही पत्र्याचीच खोली घेतली. महिन्यातून एकदा माझ्याकडे येत, वाचनाच्या टेबलाशी बसून जुनी मासिकं चाळत, जाताना विचारत, "शनिवार?" मी म्हणे, "झाला, सर." एवढंच आमचं बोलणं. मी 'झाला' म्हटल्यावर त्यांनी पुढं कधी काही विचारलं नाही, आणि ते का विचारत नाहीत हा प्रश्न मला कधी पडला नाही.

सर गेल्यावर त्यांच्या भाच्यानं ती वही मला आणून दिली. "मामांनी सांगितलं होतं, लायब्रीवाल्या बाईला द्यायची म्हणून." मी ती एका बैठकीत वाचू शकले नाही. रोज दोन-तीन पानं वाचायची. चहावाला, पंखे, इमारतींचे बोर्ड, नळाला एक दिवसाआड पाणी देणारे, किती माणसं. चौथा रकाना कुठं रिकामा नाही. ओतून बघितलं, चढून बघितलं, मोजून बघितलं, दोनदा जाऊन आलो.

मधे एक पान आहे, त्या मंगळवारचं. कोणी सांगितलं, तिथं माझं नाव आहे. काय सांगितलं: मागचं सांगितलं. काय केलं: अकरा दिवस बसली. ही तिसऱ्या रकान्यातली शाई वेगळी आहे, नंतर भरलेली. चौथ्यात, मी कसं तपासलं, तिथं त्याच वेगळ्या शाईनं दोन शब्द आहेत: तपासलं नाही.

वही माझ्याकडे आहे. आज शनिवार. ग्रंथालयाची प्रत घेतली, तार काढली, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिली. तीन नावं ताडली. जुळली.